दोन भावांत एक काठी

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. दोन भागांची. तशी मी जन्मापासूनच दोन भागांची आहे, पण पूर्वी हे दोन भाग जोडता येत असत. आता येत नाहीत. माझा वरचा भाग पितळी नळीच्या अगदी वर मोडला आहे आणि त्याचे बूड नळीत अडकून बसले आहे. मोडले त्याचे मला फार वाईट वाटत नाही, लाकूडबांबूला मोडणे ठरलेलेच असते. पण माझ्यापायी जे आणखी मोडले त्याचे दुःख मला रात्रंदिवस आहे, आणि तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका सुताराच्या पडवीत झाला. त्याला दोन मुलगे होते, अकरा वर्षांचा दादा आणि सात वर्षांचा छोट्या. सुताराने एक सरळ, बारीक पेरांचा बांबू निवडला आणि पडवीच्या आढ्याला बांधून सावलीत वाळवला. मंद आचेवर धरून त्याची उरलीसुरली वाकडी खोड मोडली. जुन्या पंपाची पितळी नळी कापून माझा जोड केला, तारेच्या कड्या वळवून त्या लाल दोऱ्याने आवळल्या आणि वरून व्हार्निशचे तीन हात दिले. मी अशी काही चमकत होते की माशांनी स्वतःहून यावे!

पण बांबू एक आणि पोरे दोन. पहिल्याच दिवशी ओढाताण सुरू झाली.

"बाबा, मी मोठा आहे!"

"मग काय झालं? मला पण हवी!"

सुताराने मला दोघांच्या हातांतून काढून घेतले आणि म्हणाला, "दोघांत एकच. ज्याला मासा लागेल त्याने काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची. लागेपर्यंत त्याच्याकडे. कळलं?"

मित्रांनो, वरवर हा नियम साधा वाटतो, पण त्याची गंमत ऐका. छोट्याला मासा लागायचाच नाही. त्यामुळे मी तासन्‌तास त्याच्याच हातात. दादा शेजारी बसून चुळबुळ करणार. हिसकावून घेता येत नाही, नियम आहे! मग काय, दादा स्वतःच छोट्याला चांगले आमिष लावून देऊ लागला, गाठी मारून देऊ लागला, "इकडे टाक, इकडे सावली आहे" असे कानात कुजबुजू लागला. आपली पाळी यावी म्हणून दुसऱ्याला यश मिळावे अशी मनापासून इच्छा करायची! एवढा शहाणा नियम मी पुढच्या सगळ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

पोरे मोठी झाली. सुतार गेला. दादा घड्याळे दुरुस्त करू लागला. त्याचे दुकान एवढे अरुंद की आत शिरल्यावर वळायला जागा नाही, बाहेर पडायचे ते उलट्या पावली. छोट्या दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. शिडीवर चढून, जिभेचे टोक बाहेर काढून, तो एका दमात अक्षराची गोलाई काढायचा. दोघांची लग्ने झाली. छोट्याचा संसार मात्र टिकला नाही. त्याची बायको एका दुपारी तिची बॅग घेऊन निघून गेली ती गेलीच. त्याबद्दल तो कधी बोलला नाही आणि दादाने कधी विचारले नाही. फक्त त्या आठवड्यापासून दादा रविवारी सकाळी त्याच्या दाराशी जाऊन ओरडू लागला, "छोट्या, चल रे, बस चुकेल!" आणि दर रविवारी आम्ही तिघे शहराबाहेरच्या तलावावर जाऊ लागलो. हो, तिघे! मी स्वतःला धरूनच मोजते.

दादा शिस्तीचा माणूस. त्याचा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात गळ बुचात टोचलेले, शिशाची वजने गोळ्यांच्या डबीत, दोरा आठच्या आकड्यासारखा गुंडाळलेला. छोट्या म्हणजे नुसता गोंधळ. एकदा त्याने मला मागे नेऊन जोरात फेकले तो गळ स्वतःच्याच टोपीत अडकला आणि टोपी तलावाच्या मध्यावर जाऊन पडली. एकदा काठावरच्या चिखलात घसरून तो जेवणाच्या डब्यासकट पाण्यात बसला. उभा राहिला तेव्हा डबा गेला होता आणि झाकण तेवढे हातात होते. आणि एकदा तर कहरच झाला.

"दादा, मोठा आहे! मोठा आहे! धर मला!"

मी कमानीसारखी वाकले होते. दादाने त्याला कमरेला धरले. दोघांनी मिळून ओढले, ओढले, आणि पाण्यातून वर आली एक फुलाफुलांची उशीची खोळ. पाठोपाठ पलीकडच्या काठावर कपडे धूत असलेला लाँड्रीवाला हातवारे करत आला तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

"अहो, मासे धरा की! लोकांच्या उशा काय धरता!"

"चुकलं काका," छोट्या म्हणाला, "पण खेचत जबरदस्त होती हो!"

दादाही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, बरे का. एकदा चष्मा घरी राहिला म्हणून त्याने आमिषासाठी मळलेला पावाचा गोळा आपल्याच तोंडात टाकला. छोट्या हसून हसून आडवा झाला. "आता तोंड उघडं ठेवून पाण्याकडे बघत बस दादा, मासे आपणहून येतील!"

पण एक गोष्ट मी तुम्हाला शपथेवर सांगते. परत निघताना मला पुसायचा तो छोट्याच. दादा डबा आवरत असे आणि छोट्या आपल्या शर्टाच्या पुढच्या टोकाने मला वरपासून खालपर्यंत टिपत असे. कड्यांमधले पाणी तो फुंकर घालून काढायचा. पितळी नळीत कापडाची वात घालून फिरवायचा. मग मी जुन्या पायजम्याच्या पायाची जी पिशवी होती तिच्यात जायची. पिशवी साधी, विटलेली, पण सुती. तिच्यातून वारा खेळायचा. त्या पिशवीत मी पन्नासच्या वर वर्षे ठणठणीत काढली.

मग माझे कौतुक करण्याचे दादाच्या घरच्यांच्या मनात आले, आणि तिथेच माझे ग्रह फिरले.

दादाची सून रेनकोटच्या कारखान्यात शिलाई करत असे. तिने उरलेल्या कापडाचे माझ्यासाठी एक कव्हर शिवून आणले. गडद निळे, दुहेरी शिवणीचे, वर चेन आणि चेनवर झडप. दादाच्या वाढदिवसाला तिने ते दिले. नातीने मोरीत नेऊन त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहिले. आत एक थेंब नाही! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा तर हरखूनच गेला. मित्रांनो, तो घड्याळवाला होता. पाणी आत शिरू द्यायचे नाही, शिरले की घड्याळ गेले, हे त्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगितले होते. त्याच्या लेखी त्या कव्हरासारखी सुरक्षित जागा जगात नव्हती. आत गेलेले पाणी बाहेरही येऊ शकत नाही, हे त्याच्या डोक्यात आलेच नाही. त्या माउलीच्याही आले नाही. रेनकोट शिवणाऱ्या बाईला माणूस कोरडा ठेवायचा एवढेच ठाऊक असते. त्यांच्या प्रेमात खोट नव्हती, एवढे माझ्यासाठी लक्षात ठेवा.

त्या मोसमातला तलावावरचा शेवटचा रविवार होता. दुपारी आभाळ एकदम भरून आले आणि धो धो कोसळायला लागले. दोघे म्हातारे डबा, चटई, मी, सगळे गोळा करून पळत सुटले.

"दादा, थांब. पुसू दे तिला," छोट्या ओरडला.

"कव्हर आहे ना आता! तू आधी बस पकड!"

आणि चेन सर्रकन वर गेली.

मी चिंब भिजलेली होते. पितळी नळीत पाणी, कड्यांच्या दोऱ्यांत पाणी. घरी गेल्यावर मला कपाटावर ठेवले आणि पावसाळा संपेपर्यंत कोणी हात लावला नाही. आत काळोख आणि ओल. पहिले काही दिवस मी वाट पाहिली. मग माझ्या लाल दोऱ्यांना बुरशीचा वास येऊ लागला. व्हार्निशला बारीक फोड आले. नळीच्या आतली माझी पेरे मऊ पडत गेली, पाण्यात ठेवलेल्या पावासारखी. बाहेरून घरातली माणसे ये-जा करत, आणि जाता-येता दादा कव्हरावर थाप मारून म्हणे, "कशी मजेत आहे बघा!"

मला तोंड असते तर मी किंचाळले असते.

पाऊस सरला. स्वच्छ ऊन पडलेला रविवार आला. तलावावर पोचल्यावर दादाने मला बाहेर काढले, जोडले आणि म्हणाला, "जोड जरा घट्ट झालाय." बस, एवढेच. वरून फडके मारले आणि मला छोट्याच्या हातात दिले, कारण पाळी त्याची होती. दादा त्याच्याकडे पाठ करून दोऱ्याचा एक गुंता सोडवत बसला.

तासाभराने दोऱ्यावरचा तरंगा बुडाला. खरोखरचा मोठा मासा होता, लाँड्रीवाल्याची खोळ नव्हे! मी त्याचे वजन अंगभर ओळखले. आणि छोट्याने मला उचलले. मित्रांनो, आता मी सांगते ते नीट ऐका, कारण हे पाहणारे तिथे दुसरे कोणी नव्हते. त्याने मला झटका दिला नाही. झोपलेल्या तान्ह्या बाळाची मान उचलावी तसे त्याने मनगट उचलले. एक अक्षर वाकडे जाऊ न देणारा तो हात होता. मीच कुजलेली होते.

कट्ट!

माझा वरचा भाग दोऱ्यासकट पाण्यात पडला. दोरा तुटला, मासा गेला. दादाने वळून पाहिले तेव्हा छोट्याच्या हातात फक्त माझी मूठ होती.

"काय केलंस!"

"दादा, मी हळूच..."

"हळूच? हळूच केल्याने मोडते होय? बाबांच्या हातची होती ती! झटका मारलास तू!"

"नाही रे... म्हणजे, मला नाही वाटत..."

बिचाऱ्याची स्वतःचीच खात्री पटेना. साऱ्या जन्माचा धांदरट ठरलेला माणूस. टोपी, डबा, सगळे त्याच्याच नावावर. त्याला वाटले, मारलाही असेल झटका.

आणि मग दादा ते बोलला.

"तुझ्या हाती दिलेली एक तरी गोष्ट शाबूत राहिलीय का रे? संसार नाही राहिला, तिथे काठी काय राहणार!"

छोट्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. गुडघाभर पाण्यात उतरून त्याने माझा वरचा तुकडा काढून आणला आणि चटईवर ठेवला. उघडा पडलेला गळांचा डबा त्याने नीट बंद केला, झाकणाचे चारी कोपरे दाबले. चपला घातल्या आणि रस्त्याच्या दिशेने निघून गेला. दादाने मान वर केली नाही. त्याला वाटले होते, बसथांब्यावर भेटेलच. बसथांब्यावर कोणी नव्हते.

पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचा आला. मला पुन्हा त्याच निळ्या कव्हरात घालून माळ्यावर टाकले होते. खालचे बोलणे मला ऐकू यायचे.

"बाबा, जाऊन या ना काकांकडे," सून म्हणायची.

"त्याला काय पाय नाहीत?"

"तुम्ही मोठे आहात."

"म्हणूनच!"

असे चार वर्षे चालले. एका काठीसाठी चार वर्षे! पण ती चार वर्षे काठीसाठी नव्हतीच, हे मलाही पुढे कळले.

दादाची नात तेरा वर्षांची झाली. तिला तिच्या चित्रांच्या गुंडाळ्या शाळेत न्यायला काहीतरी लांब हवे होते. तिची आई म्हणाली, "माळ्यावर ते निळं कव्हर आहे बघ." पोरगी स्टुलावर चढली, मला खाली काढले, चेन उघडली आणि दोन पावले मागे सरली.

"ई! आई, आत काही मेलंय का?"

तिने मला खिडकीत उजेडाला धरले. माझ्या मोडलेल्या टोकावर बोट दाबले. बोट आत गेले. काळा भुगा तिच्या तळहातावर सांडला. पोरगी हुशार. ती मला तशीच घेऊन दादाच्या दुकानात धावत गेली.

"आजोबा, हे बघा! झटक्याने बांबू मोडला तर कुसळं निघतात ना? पांढरी, लांब लांब? इथे एक तरी कुसळ आहे का? ही मोडली नाही, आजोबा. ही कुजली होती."

दादाने डोळ्याला भिंग लावले. एवढा वेळ तो कोणत्याही घड्याळात पाहत नसे. पितळी नळीत पाहिले, दोऱ्यांच्या मुळाशी पाहिले. भिंग काढले तेव्हा त्याचा डोळा ओला होता.

"त्या दिवशी मी बघितलंच नाही गं," तो म्हणाला. "दिवसभर लोकांच्या घड्याळात डोकावतो, आणि हे टोक एकदा उलटं करून बघितलं नाही."

"आणि ओली ठेवली कोणी?" पोरगी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"मी," दादा म्हणाला. "तो पुसतो म्हणत होता."

घरी सुनेने ऐकले तेव्हा ती भिंतीला टेकून खालीच बसली. "माझ्या कव्हराने..." एवढेच म्हणाली.

त्याच संध्याकाळी दादा नातीला आणि मला घेऊन निघाला. छोट्या एका बेकरीच्या वरच्या खोलीत राहतो. बावीस पायऱ्या. दादा मधे दोनदा थांबला, पण धाप लागली म्हणून नव्हे. वर दार उघडे होते. छोट्या एका पाटीला रंगाआधीच्या अस्तराचा हात देत होता. अंगाने पार वाळला होता तो. त्याने आधी नातीकडे पाहिले, म्हणाला, "केवढी झालीस!" मग दादाकडे पाहिले आणि ब्रश डब्यात बुडवून ठेवला.

दादाने मला टेबलावर ठेवले. "आतून गेली होती. ओली राहून कुजली. मीच ठेवली होती तशी. तुझी काही चूक नव्हती."

छोट्याने माझ्या टोकावर अंगठा फिरवला. बराच वेळ. त्या स्पर्शासाठी मी चार वर्षे तळमळले होते.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला.

"मग ये की रविवारी. नवी काठी घेऊ. तू म्हणशील ती."

"दादा, एक विचारू?"

"विचार ना."

"समजा, माझ्याच हातून मोडली असती. खरंच झटका मारला असता मी. मग तू बोललास ते बरोबर ठरलं असतं का रे?"

खाली बेकरीत कोणीतरी पत्र्यांचा ढीग ठेवला तेवढा आवाज आला. नात कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होती. मी मनात म्हणत होते, बोल दादा, नाही म्हण. दोन अक्षरे आहेत. पण जन्मभर 'मी मोठा' म्हणत आलेल्या माणसाला ती दोन अक्षरे त्या क्षणी सापडली नाहीत.

"चहा टाकतो," शेवटी छोट्या म्हणाला.

चहा झाला. दादा उठला आणि मला तिथेच विसरून गेला. की मुद्दाम ठेवून गेला, मला माहीत नाही.

तेव्हापासून मी इथे, छोट्याच्या ब्रशांच्या बरणीशेजारी खिडकीत उभी आहे. त्याने मला पुसून, उन्हात वाळवून ठेवले आहे. आता त्याचा काय उपयोग, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटते, आणि तरीही बरे वाटते.

मित्रांनो, तुमच्याकडे गळ असो, बॅट असो, नाहीतर छत्री असो, ओली वस्तू कितीही सुंदर कव्हरात बंद करू नका. दोरा ढिला करा, नळीतले पाणी टिपा, सावलीत वाऱ्याला ठेवा आणि अधूनमधून उघडून बघा. बाहेरून थाप मारून आतले कळत नसते. आणि काही मोडलेच तर आधी मोडलेले टोक उलटे करून बघा, माणसावर नंतर ओरडा. ओरडूच नका, खरे तर. बांबू पुन्हा मिळतो.

हे सगळे मी शहाणपणाने सांगते आहे, पण माझे मन इथे नाही. ते खालच्या रस्त्यावर आहे. कारण आज रविवार आहे, आणि गेल्या कितीतरी रविवारी झाले तसे आजही दादा बेकरीपुढे उभा आहे. तो एक पाव घेतो, वर खिडकीकडे बघतो, पहिल्या पायरीवर पाय ठेवतो आणि परत फिरतो. छोट्या पडद्याआडून बघत असतो. हाक मारत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या रस्त्याने जात असाल तर दादाला एवढे सांगा, मला सांगता येत नाही म्हणून: रविवारी सकाळी छोट्या उठल्या उठल्या दाराची कडी काढून ठेवतो. दार नुसते लोटलेले असते.